आठवीच्या वर्गाची सही

मे महिन्यात सगळ्या शिक्षकांना सुटी लागते, आणि निमखेड्याच्या माध्यमिक विद्यालयातल्या शिक्षकांची खरी नोकरी तेव्हा सुरू होते. पट गोळा करायचा. ऊन त्रेचाळीसला टेकलेलं, डोक्याला रुमाल बांधलेला, एका मोटारसायकलीवर दोन शिक्षक आणि मागच्याच्या काखेत रजिस्टर. गल्लीगल्लीत जायचं, ओट्यावर बसायचं आणि पोरं आपल्याच शाळेत ठेवा म्हणून आईबापांच्या विनवण्या करायच्या. मतं मागणारे पाच वर्षांनी एकदा येतात, हे बिचारे दरसाल येतात. कारण अगदी सरळ आहे. नववीत वीस पोरं भरली नाहीत तर तिथं शिक्षकाचं पद राहत नाही, असा सरकारचा हुकूम. पद गेलं की शिक्षक अतिरिक्त. आणि अतिरिक्त म्हणजे, बावीस वर्षं एका गावात काढलेल्या माणसाने पिशवी उचलायची आणि जिल्ह्याच्या ज्या टोकाला पाठवतील तिथं जाऊन नव्याने उभं राहायचं.

या कामात पंडित वना बोरसे यांचा हात धरणारा शाळेत दुसरा कोणी नव्हता. बोरसे सर गणित-विज्ञानाचे. उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. बाकीचे शिक्षक ओट्यावर बसले की यादी वाचायला लागत: पुस्तकं फुकट, मुलींना एसटीचा पास, स्कॉलरशिपचे फॉर्म आम्ही भरून देतो. तोवर पोराच्या बापाने दोंडाईच्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसचा विषय काढलेला असे. बोरसे सर यादी वाचत नसत. पाणी पीत, पोराला जवळ बोलावून सतराचा पाढा विचारत आणि उठता उठता म्हणत, "माझी हर्षाली इथंच शिकते, भाऊ. बाकी तुम्ही बघा."

झालं! आता यावर कोण काय बोलणार? ज्या शाळेत शिक्षक स्वतःची एकुलती एक पोरगी घालतो ती शाळा वाईट कशी म्हणायची? बाप रजिस्टरवर सही करून मोकळा होई. आणि मुख्य म्हणजे त्यात खोटं काही नव्हतं. हर्षाली खरोखरच तिथं शिकत होती, गावच्या पोरांसारखीच सायकलीवर यायची, गावच्या पोरांसारखीच कान धरून उभी राहायची. सरांना त्या वाक्याचा मनातून थोडा अभिमानच होता.

या वाक्याने सगळ्यात मोठा गड जिंकला तो तीन वर्षांपूर्वी. नवल म्हणून एक माणूस गावात आहे, दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो. त्याची पोरगी रूपा तेव्हा पाचवीत होती आणि सहावीसाठी नवोदय विद्यालयात तिची निवड झाली होती. नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. राहणं, जेवणं, पुस्तकं सगळं फुकट, आणि जिल्ह्यातून मोजकी पोरं निवडतात. गावातून आजवर कोणाचा नंबर लागला नव्हता. कागद हातात धरून नवल सरांच्या दारात आला. त्याला आनंद झाला होता की भीती वाटत होती, ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

"सर, मले काय समजत नही. तुम्ही सांगशात ते."

सर त्या संध्याकाळी नवलच्या घरी गेले. त्या वर्षी सहावीला नेमकं एक पोर कमी पडत होतं, हेही खरं. पण सरांनी जे सांगितलं तेही काही वावगं नव्हतं. पोरगी दहा वर्षांची. आईला महिन्यातून एकदाच भेटता येणार. ताप आला तर उशाशी कोण बसणार? इथं मी आहे, गणित-विज्ञान मी शिकवतो, रोज संध्याकाळी हर्षालीसोबत तिचाही अभ्यास घेईन. मी माझ्या पोरीला त्या परीक्षेला बसवलंसुद्धा नाही, नवल.

नवलची आई सुंदरबाई इतका वेळ चुलीपुढे गप्प बसली होती. घरात शेवटचा शब्द तिचा. तिने एवढंच विचारलं, "सर, तुमनी पोर आठेच शे ना?"

"इथंच आहे, अक्का. शपथ."

"मंग आमनी बी आठेच. जे व्हई ते दोन्हीसनं व्हई."

आणि सरांनी शब्द पाळला, हे कबूल करायला हवं. तीन वर्षं रोज संध्याकाळी सहा वाजता रूपा वही घेऊन त्यांच्या ओट्यावर हजर असायची. दोन्ही पोरी एका सतरंजीवर बसत. वर्गात पहिली रूपा आणि दुसरी हर्षाली, हा क्रम कधी बदलला नाही. हर्षालीची आई कुंदा स्वयंपाकघरातून हे ऐकायची. तिला रूपाचा राग यायचा असं नाही, पण सर रूपाला म्हणायचे, "वा! ही रीत तर मलाही सुचली नसती," तेव्हा तिच्या हातातली भाकरी जरा जोरात थापली जायची.

मागल्या सप्टेंबरात एक सूचना आली. आता या शाळेची सूचनांची पद्धत सांगायला हवी. कार्यालयात एक जाडजूड सूचना वही आहे. आलेली सूचना हेडसर त्या वहीत लिहितात, खाली पाचवीपासून दहावीपर्यंत सहा रकाने आखतात, आणि मगन शिपाई वही घेऊन वर्गावर्गात फिरतो. तासावर असलेल्या शिक्षकाने सूचना मोठ्याने वाचायची. पूर्वी शिक्षकच सही करत. पण एकदा सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि पोरांना मात्र शाळा सकाळची असल्याचा पत्ताच नव्हता. निम्मी शाळा दुपारी येऊन उभी! तेव्हापासून हेडसरांनी नियम केला की सही वर्गप्रमुखाने करायची. पोराने ऐकलं तर पोर सही करेल. आठवीची वर्गप्रमुख रूपा होती.

सूचना अशी होती: नवोदय विद्यालयात नववीच्या रिकाम्या जागांसाठी निवड चाचणी होणार आहे, आठवीत शिकणाऱ्या इच्छुक विद्यार्थ्यांनी बोरसे सरांशी संपर्क साधावा.

शाळेतल्या सगळ्या बाहेरच्या परीक्षांचं काम बोरसे सरांकडे. मगन वही घेऊन आला तेव्हा सर आठवीच्याच वर्गात निघाले होते. त्यांनी दारातच वही घेतली, वाचली आणि मगनला म्हणाले, "तू पुढं नववी-दहावीकडे जा. आठवीत मी सांगतो."

मगन गेला. सर वर्गात शिरले आणि फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला.

असं का केलं? सरांना त्या वेळी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, तास बुडायला नको म्हणून. रात्री जेवताना त्यांनी कुंदाला सूचनेचं सांगितलं. कुंदाच्या हातातला घास ताटातच राहिला.

"हर्षालीचा फॉर्म भरायचा," ती म्हणाली. "मागच्या वेळी तुमच्या त्या पटाच्या नादात मी गप्प बसले. आता नाही बसणार. गावाच्या पोरांसाठी माझ्या पोरीने किती वर्षं खुंटीला बांधून राहायचं?"

"भरू ना. नाही कोण म्हणतंय?"

"आणि त्या रूपाला सांगितलंत?"

सरांनी भातात वरण कालवलं. मग म्हणाले, "रूपा बसली तर पहिल्या फटक्यात निघेल. दोघी गेल्या तर नववीत कोण राहील?"

"मी पटाचं विचारत नाहीये," कुंदा म्हणाली. "जागा असतात किती? चार? पाच?"

हर्षालीचा फॉर्म दोंडाईच्याला जाऊन भरला. हेडसरांची सही लागत होती. त्यांनी सही करताना चष्म्यावरून बघितलं, "आणि नवलच्या पोरीचा?" सर म्हणाले, "घरचे नको म्हणतात, मागच्यासारखंच." खोटं बोलायला फार वेळ लागत नाही, हे सरांना त्या दिवशी कळलं. हर्षालीला ताकीद दिली होती की कुठं बोलायचं नाही. फेब्रुवारीत परीक्षेच्या दिवशी ती गेली, आणि सोमवारी रूपाने विचारलं तेव्हा मामाकडे नंदुरबारला गेले होते, असं तिने सांगितलं. त्या संध्याकाळी सतरंजीवर हर्षालीचं एकही गणित बरोबर येईना.

"पप्पा, रूपाला सांगू?" तिने नंतर विचारलं.

"निकाल तर येऊ दे," सर म्हणाले. "नंबर लागला नाही तर उगाच बोभाटा."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल आला. नंबर लागला होता.

कुंदाने देवापुढे साखर ठेवली. सरांनी मोबाइलवरची यादी चार वेळा बघितली. पोरीचं नाव, बापाचं नाव, सगळं बरोबर. त्यांना खरंच आनंद झाला. पोरगी लहान असताना तिच्यासाठी जे जे मनात आणलं होतं ते एका ओळीत छापून आलं होतं, बाप म्हणून त्यांचा ऊर भरून आला. आणि त्याच पावली त्यांनी रजिस्टर काढून नववीची नावं मोजली, कारण ते बापही होते आणि अतिरिक्त होऊ घातलेले शिक्षकही. आठवीत तेवीस पोरं. दोन दोंडाईच्याला जाणार हे पक्कं. हर्षाली गेली की राहिले वीस. बरोब्बर वीस! सरांचा जीव भांड्यात पडला.

तो फार वेळ तिथं राहिला नाही. दोनच दिवसांनी मगनने बातमी आणली. नवलची बहीण चोपड्याला दिलेली, तिच्या घरच्यांचा केळीचा धंदा. ती म्हणत होती, रूपाला माझ्याकडे पाठवा, इथं मोठी शाळा आहे, प्रयोगशाळा आहे, माझ्या पोरींबरोबर राहील. तिथल्या नववीच्या प्रवेशाची शेवटची तारीख दहा जून. नवल जवळजवळ तयार झाला होता.

हेडसरांनी बोरसे सरांना बोलावून घेतलं. हर्षालीच्या निकालाचं त्यांना कळलेलं होतं आणि त्यांनी पेढाही खाल्ला होता, पण आता त्यांचा चेहरा उतरला होता. "बोरसे, एकोणीस झाले तर तुमचं पद जातं. माझ्या हातात काही नाही. नवल तुमच्या शब्दाबाहेर नाही, तुम्हीच बघा. आणि हर्षालीचं दहा तारखेपर्यंत गावात नको. लोक म्हणतील मास्तरचीच पोरगी पळाली, मग आपण कशाला थांबायचं?"

सर घरी आले. ओट्यावर बसून त्यांनी हिशेब मांडून पाहिला. पद गेलं तर कुठं फेकतील, अक्कलकुव्याला, धडगावला? तो जिल्हा वेगळा असला तरी काळजी सीमा बघत नाही. आईचे गुडघे, कुंदाचं शिलाईचं दुकान, स्वतःची उरलेली दहा वर्षांची नोकरी. दुसरीकडे रूपा. चोपड्याला गेली तर चांगलंच होईल तिचं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण इथं राहिली तरी वाईट होणार नाही, मी शिकवतोच आहे ना, असं ते स्वतःलाच म्हणाले. माणूस स्वतःला समजावायला बसला की त्याच्यासारखा गोड बोलणारा दुसरा नाही.

संध्याकाळी ते नवलच्या घरी गेले. नवल अंगणात ट्रॅक्टरचं ऑइल लागलेले हात मातीने घासत होता. रूपा दारात बसून शेंगा फोडत होती. सरांना बघून ती उठली आणि पाणी घेऊन आली.

सरांनी पुन्हा तेच सगळं सांगितलं. पोरीने दुसऱ्याच्या घरी राहायचं, कितीही झालं तरी आत्याचं घर. कामाला हात लावावा लागणार. दहावी दोन वर्षांवर आलेली, शाळा बदलली की पोर बावरतं. आणि गणित मी बघतोय. दहावीला ही पोरगी तालुक्यात पहिली येईल, लिहून देतो. यातलं शेवटचं वाक्य त्यांना मनापासून वाटत होतं.

नवल ऐकत होता. तो सरांसमोर कधी खाटेवर बसत नसे, आजही खाली उकिडवाच बसला होता. रूपा शेंगांचा टोपला बाजूला सारून ऐकत होती. तिने एकदाच विचारलं, "सर, चोपड्याच्या शाळेत प्रयोगशाळेत स्वतः प्रयोग करू देतात म्हणे?"

"आपणही करू," सर म्हणाले. "या वर्षी प्रयोगांच्या साहित्याचं कपाट उघडायचंच."

सुंदरबाई आता थकली होती, पण शेवटचा शब्द अजून तिचाच होता. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "हर्षाली आठेच शे ना, सर?"

हाच प्रश्न येणार, हे सरांना घरून निघतानाच माहीत होतं. वाटेत त्यांनी चार उत्तरं तयार केली होती. बघू, ठरलं नाही, निकाल आलाय पण पाठवायचं की नाही हे पक्कं नाही. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. आजवर ज्या वाक्याने पोरं थांबवली ते वाक्य आपोआप निघालं, आणि तेही म्हातारीच्या बोलीत, म्हणजे तिला जवळचं वाटावं म्हणून.

"आठेच शे, अक्का."

"मंग झाये," सुंदरबाई म्हणाली. "तिना आत्याले फोन करी टाक, नवल."

दहा जून आली आणि गेली. अकरा तारखेला कुंदाने गल्लीत पेढे वाटले.

आता गावात बोलणं व्हायचं ते झालंच. दुकानावर कोणी म्हणालं, मास्तर लई पोचलेला. कोणी म्हणालं, स्वतःची पाठवली आणि आपली अडकवली. एकदोघांनी रजिस्टरवरची नावं काढून घ्यायची भाषा केली, पण दोंडाईच्याच्या फीचा आकडा ऐकून ते पुन्हा गप्प बसले. सर दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. नवल येईल, दारात उभा राहून बोलेल, शिव्या देईल, याची ते वाट बघत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरंच झालं असतं. नवल आला नाही.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी हर्षालीला सोडायला जायचं होतं. दारात जीप उभी होती. ट्रंक, बादली, गादी वर चढवून झालं होतं. कुंदा डोळे पुसत पोरीच्या वेणीला उगाचच पुन्हा रिबीन बांधत होती. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सुंदरबाई दिसली. काठी टेकत येत होती, मागे रूपा. म्हातारीच्या हातात धडप्यात बांधलेलं काहीतरी होतं.

सरांना वाटलं, आता सगळ्या गल्लीसमोर होणार. ते जीपच्या चाकाकडे बघत उभे राहिले.

सुंदरबाईने गाठोडं हर्षालीच्या हातात दिलं. ज्वारीच्या बिबड्या होत्या, घरी वाळवलेले जाडसर पापड. "पोर शिकाले जाई ऱ्हायनी. तठे भूक लागनी ते खाजो." मग कनवटीची दहाची नोट काढून पोरीच्या तळहातावर ठेवली आणि तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

मग ती सरांकडे वळली. सरांनी मान वर केली नाही.

"तुमलेबी ऐन टाईमले समजनं व्हई, सर," ती म्हणाली. "नही ते तुम्ही सांगतात ना."

सगळी गल्ली ऐकत होती. बावीस वर्षांत सरांना कोणी इतकं मोठं दान दिलं नव्हतं, आणि ते घेण्याची त्यांची लायकी नव्हती, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं. त्यांना रडावंसं वाटलं. पण तोंडातून आलं ते फक्त, "हो, अक्का." म्हणजे हेही एक खोटंच.

"आमनी रूपाले तुम्ही शेतस ना," म्हातारी म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली.

हर्षालीने रूपाला मिठी मारली आणि हुंदके देऊन रडायला लागली. "मी मामाकडे नव्हते गेले," असं काहीसं ती रडता रडता म्हणाली. रूपा तिच्या पाठीवर थोपटत राहिली. तिने एवढंच सांगितलं, "तिथल्या गणिताच्या प्रश्नपत्रिका मला पाठवत जा."

दुसऱ्या दिवशी शाळा उघडली. प्रार्थना झाली, गुलाबाची फुलं वाटून झाली, हेडसरांचं भाषण झालं. नववीची हजेरी बोरसे सरांनी घेतली. एक ते वीस. वीसही हजर. शेवटचं नाव रूपाचं, कारण चोपड्याच्या गडबडीत तिचं नाव रजिस्टरवर सगळ्यात शेवटी चढलं होतं.

"हजर, सर," ती म्हणाली.

कार्यालयात हेडसर आनंदात होते. "वाचलो, बोरसे! वीस आहेत. सप्टेंबरअखेर पोरांची आधार कार्डं सरकारी यादीशी जुळली की सुटलो."

बोरसे सरांनी कोपऱ्यातलं कपाट उघडलं आणि जुन्या वह्यांच्या ढिगातून मागल्या वर्षीची सूचना वही बाहेर काढली. मगन म्हणाला, "सर, ती मागची. नवी टेबलावर आहे."

"मला हीच हवी," सर म्हणाले. "चल माझ्याबरोबर."

नववीच्या वर्गात जाऊन त्यांनी वही टेबलावर उघडली. सप्टेंबरचं पान सापडायला वेळ लागला नाही, रात्रभर ते पान त्यांच्या डोळ्यांपुढेच होतं. पाचवीची सही, सहावीची, सातवीची, मग एक रिकामा रकाना, पुढे नववी आणि दहावी.

"सूचना ऐका," सर म्हणाले.

पोरं सावरून बसली. सरांनी सूचना नेहमीसारखी मोठ्याने, थांबत थांबत वाचली. नवोदय विद्यालयातील इयत्ता नववीच्या रिक्त जागा. निवड चाचणी. इयत्ता आठवीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी. अर्ज करण्याची अंतिम तारीख, ऑक्टोबर अखेर. इच्छुकांनी बोरसे सरांशी संपर्क साधावा.

मागच्या बाकावरच्या एका पोराने हात वर केला. "सर, पण आता आम्ही नववीत आहोत ना?"

"हो."

"मग आता भरता येईल का फॉर्म?"

"नाही," सर म्हणाले. "तारीख गेली. ही सूचना मी तेव्हा तुम्हाला वाचून दाखवायला हवी होती. मगन घेऊन आला होता, मी त्याला परत पाठवलं. मुद्दाम वाचली नाही."

पोरांना फारसं काही समजलं नाही. सर असं का बोलतायत म्हणून ती एकमेकांकडे बघायला लागली. मगन मात्र दारात जागच्या जागी थिजला. बिचारा गेले नऊ महिने समजत होता की सूचना वाचली गेली.

रूपा उठली. सूचना वाचून झाली की वर्गप्रमुखाने टेबलापाशी जायचं, ही रीत तिच्या अंगवळणी पडलेली. ती आली, वही स्वतःकडे वळवून घेतली आणि पेनाचं टोपण काढलं.

"हा रकाना रिकामा होता हे तुला माहीत होतं?" सरांनी हळू आवाजात विचारलं.

"दिवाळीच्या सुटीच्या सूचनेवर सही करताना मागचं पान दिसलं होतं, सर."

"मग विचारलं का नाहीस?"

"मला वाटलं, त्या दिवशी मी आलेली नसेन."

मागल्या वर्षी रूपा एकही दिवस गैरहजर नव्हती. त्याबद्दल जानेवारीत तिला बक्षीस मिळालं होतं आणि प्रशस्तिपत्रावर तिचं नाव बोरसे सरांनीच वळणदार अक्षरात लिहिलं होतं. हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणजे पोरीने आठ महिने स्वतःची गैरहजेरी मान्य करून ठेवली होती, पण सरांवर शंका घेतली नव्हती.

रूपाने आठवीच्या रकान्यात सही केली. मग पेन थांबवून तिने वर बघितलं.

"सर, तारीख कोणती घालू? तेव्हाची का आजची?"

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तेव्हाची घातली तर पान पुरं होईल आणि सरांवर बोट ठेवायला कोणाला जागा राहणार नाही, हे त्या पोरीला समजत होतं. आजी जे गल्लीत देऊन गेली तेच नात आता वर्गात देत होती, फक्त सरांनी मान हलवायची होती.

"आजची," सर म्हणाले. "आजचीच घाल. साल नीट लिही."

तिने तारीख घातली, साल लिहिलं, टोपण लावलं आणि जागेवर जाऊन बसली. सरांनी वही मिटली नाही. तशीच उघडी मगनच्या हातात दिली.

"हेडसरांच्या टेबलावर ठेव," ते म्हणाले. "हेच पान वर राहू दे."